सोलिंगमधला दगड

परीक्षकाचा अहवाल दीड पानांचा होता. त्यातलं बरंचसं चांगलं होतं, पण शेवटी एक परिच्छेद होता आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती. प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष एकाच स्लाइडवर, म्हणजे काचेवर घासून पातळ केलेल्या दगडाच्या एकाच चकतीवर, उभा आहे. त्याच खडकाच्या आणखी निदान तीन स्लाइड तपासून पुरावा द्यावा, तोवर प्रबंध स्वीकारता येणार नाही.

सरांनी विचारलं, दगड शिल्लक आहे ना? मी म्हणाले, आहे, घरी आहे. एका महिन्यात स्लाइड झाल्या पाहिजेत, असं ते म्हणाले आणि पुढच्या तासाला निघून गेले.

घरी आहे असं मी म्हणाले खरी, पण तेव्हा आम्हाला म्हणावं असं घर नव्हतं. वडील रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा दौंडचं क्वार्टर सोडावं लागलं. आई-वडील दौंडमध्येच भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. तिथं मावणार नाही ते सगळं सामान, म्हणजे लोखंडी कॉट, जुनी पेटी, माझी पुस्तकं आणि दगडांची दोन पोती, वडगाव रासाईला मामाच्या पडवीत गेलं. मी पुण्यात होस्टेलवर राहत होते. प्रयोगशाळेतला तुकडा रासायनिक तपासणीसाठी दळून संपला होता. उरलेला अर्धा त्या पोत्यात होता.

हा दगड पुन्हा आणता येण्यासारखा नव्हता. आमच्या शिरूर-दौंडकडे कुठंही विहीर खणा, काळा बेसाल्टच लागतो. माझा दगड पूर्व घाटातला, ओडिशाच्या बाजूचा. एका घाटरस्त्याच्या कडेला उघडा पडलेला खडक होता तो. मी तो फोडून आणला त्यानंतर दोनच वर्षांत रस्ता रुंद झाला आणि ती सगळी कड काँक्रीटच्या भिंतीमागे गेली. तिथं गेलेल्या एका ओळखीच्या मुलीनं फोटो पाठवला होता. नुसती राखाडी भिंत.

त्या दगडात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तो मुळात समुद्रतळाचा चिखल. डोंगर घडताना जमिनीखाली पंचवीस-तीस किलोमीटर खोल गाडला गेला. तिथल्या उष्णतेनं आणि दाबानं त्याची खनिजं बदलत गेली. मातीचं अभ्रक झालं, अभ्रक मोडून गार्नेट झालं. गार्नेट म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, कठीण खनिज. मग कोट्यवधी वर्षांत वरचे थर झिजले आणि तो खडक हळूहळू वर आला. वर येताना त्याच्यावरचा दाब लवकर उतरतो, पण अंगातली उष्णता बराच काळ तशीच राहते. दाब गेला की गार्नेटला टिकता येत नाही. त्याच्या कडा मोडतात आणि त्याच्याभोवती कॉर्डिएराइट नावाच्या दुसऱ्या खनिजाची झालर तयार होते. आणि असा खडक कधीतरी थोडासा वितळतोही. सगळा नाही. दाण्यांच्या सांध्यांतून रस सुटतो, तो पुढे थिजतो आणि पांढऱ्या पट्ट्या होऊन राहतो.

हा रस सुटला केव्हा, यावर माझा प्रबंध होता. आधीच्या लोकांचं म्हणणं, खोल असताना, तापताना. माझं म्हणणं, वर येताना, दाब उतरल्यामुळे. कारण माझ्या स्लाइडमध्ये गार्नेट आणि त्याची झालर यांच्या मधोमध थिजलेल्या रसाचा एक पदर दिसत होता, केसाहून बारीक. आमच्या दोघांच्या नावानं, सरांच्या आणि माझ्या, त्यावर एक लेखही छापून आला होता.

रविवारी सकाळी पुणे स्टेशनवर दौंडच्या शटलची वाट बघत मी मामाला फोन लावला. येतेय, पोती काढून ठेवा, एवढंच सांगायचं होतं. मागून कसलातरी घरघर आवाज येत होता.

"जय भीम, बोल बाई," मामा म्हणाले.

मी सांगितलं.  

"त्ये पोत्यातलं दगड व्हय?" ते म्हणाले. "आगं, त्ये मिस्त्रीनं सोलिंगला घातलं की."

मामा घरामागं दोन खोल्या बांधत होते हे मला माहीत होतं. जोतं झालं होतं आणि आत दगड अंथरून झाले होते. काँक्रीट टाकण्याआधी खाली दगड बसवतात त्याला सोलिंग म्हणतात, हे इंजिनियर नसलेल्या माणसालाही आमच्याकडे ठाऊक असतं. दगड थोडे कमी पडले तेव्हा मिस्त्रीनं पडवीतली पोती उचलली. मामींना पोती हवीच होती, बाजरी भरायला.

मी विचारलं, काँक्रीट कधी आहे? मामा म्हणाले, आजच. मिक्सर आलाय दारात, तो आवाज त्याचाच. मी म्हणाले, मामा, थांबवा. ते म्हणाले, माणसं आलीत, माल भिजवलाय, मिस्त्री उद्या दुसऱ्या गावाला जाणार, थांबवता न्हाई यायचं. मग म्हणाले, मागच्या खोलीपासनं सुरू कराया सांगतो, तू ये लवकर.

शटल वेळेवर सुटली, पण यवतला बाजूला काढली. एक्स्प्रेस जायची होती. मी दारात उभी राहून सिग्नलकडे बघत होते. एक गेली, गाडी हलली नाही. दुसरी गेली. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी आजारी आहे का? मी नाही म्हणाले. काय सांगणार होते तिला? दगडासाठी चाललेय म्हणून? केडगावला उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते. स्टेशनबाहेर वडापची जीप उभी होती, पण ती भरल्याशिवाय निघणार नव्हती. मी पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरकडे बघत राहिले. शेवटी तो वैतागला आणि पाच माणसांवरच निघाला. पारगाव गेलं, भीमेचा पूल गेला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि मधूनच ट्रॅक्टर आडवा यायचा. मामाला पुन्हा दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

मी पोचले तेव्हा मागची खोली पूर्ण झाली होती. ओलं काँक्रीट चमकत होतं आणि मिस्त्री उकिडवा बसून थापीनं कड सारखी करत होता. पुढच्या खोलीत अजून नुसतं सोलिंग होतं. मामा मिक्सरजवळ उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मला बघून त्यांनी हात वर करून मिक्सरवाल्याला थांबायला सांगितलं. एकदम शांत झालं.

मिस्त्री न्हावऱ्याचा होता, चाळिशीचा, कमी बोलणारा. मी त्याला विचारलं, पोत्यातले दगड कुठं लावले? तो म्हणाला, ताई, दगड म्हंजी दगड, चांगलं चपटं व्हतं म्हून कडंला लावलं. कुठल्या कडेला? तो पुढच्या खोलीकडे बघू लागला, मग मागच्या. म्हणाला, आता काय सांगावं, दोन दिवस झालं.

पुढच्या खोलीत उतरले तर सगळे दगड मुरुमानं माखलेले, एकाच रंगाचे. वेगळं काही दिसेना. मी मामांकडे पाइप मागितला. त्यांनी मोटर चालू केली आणि मी एका कोपऱ्यापासून पाणी मारायला लागले. मुरूम वाहून गेला की एकेक दगड काळा निघायचा. काळा, काळा, काळा. मग भिंतीच्या कडेला एक पांढरट निघाला, पट्ट्यापट्ट्यांचा. मी हातानं उकरून काढला. मागं ऑइल पेंटनं घातलेला आकडा अर्धा शिल्लक होता. माझा, पण हवा तो नव्हता. मग आणखी एक. मग एकदम दोन. पोत्यांत सात दगड होते. पुढच्या खोलीत चार सापडले. मला हवा होता तो त्यांत नव्हता. त्यातले गार्नेटचे दाणे मोठे होते, वाटाण्याएवढे. तसा दगड विसरत नाही माणूस.

मी सगळी खोली पुन्हा एकदा धुतली. मिस्त्रीनं बिडी पेटवली. मिक्सरमधला माल घट्ट होत चाललाय, असं तो कुणाकडे न बघता म्हणाला.

मजुरांत एक उंच माणूस होता, बुंदेलखंडाकडचा. तो इतका वेळ घमेलं उपडं घालून त्यावर बसला होता. तो म्हणाला, "दीदी, वो लाल दाने वाला? वो तो उधर डाला था, दरवाजे के पास. चमक रहा था, इसलिए याद है."

उधर म्हणजे मागच्या खोलीत. दाराजवळची ती जागा मिस्त्रीनं नुकतीच सारखी केली होती. तिथं काँक्रीट टाकून तास झाला असेल.

मामी ओट्यावर आल्या होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, किंवा आवाज थांबला म्हणून आल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एका दगडासाठी घर फोडायचं व्हय?"

त्यांचं चुकत नव्हतं. मिस्त्रीही म्हणाला, आता उकरलं की तिथं जोड येणार, पुढं चिर पडली तर मला बोलायचं नाही. मी मामांकडे बघितलं नाही. मला त्यांच्याकडे बघून काही मागायचं नव्हतं. ही खोली त्यांनी किती वर्षं मनात बांधली होती ते मला माहीत होतं.  पाइप हातात तसाच होता आणि पाणी माझ्या चपलांवर पडत होतं.

मामांनी मोटर बंद केली. मग मजुराला म्हणाले, "काढ. दारापासनं दोन हात काढ."

त्या उंच माणसानं फावड्यानं काँक्रीट ओढायला सुरुवात केली. वरचं मऊ होतं, खालचं धरायला लागलं होतं. दगडाला फावडं लागायला नको म्हणून मी गुडघ्यावर बसून हातानं खडी बाजूला करत होते. मिस्त्री ओरडला, हात जळतील, घमेल्यानं काढा. मी ऐकलं नाही. तिसरा दगड हाताला लागला तो गुळगुळीत नव्हता. फोडलेल्या कडेचा होता. पाणी मारलं. राखाडी पाणी वाहून गेलं आणि खाली लाल दाणे दिसले.

पोत्यातल्या तुकड्याचाही तो अर्धाच होता. मिस्त्रीनं बसवताना हातोडीनं दोन तुकडे केले होते, हे त्यानं तेव्हा सांगितलं. दुसरा तुकडा कुठं गेला ते कुणालाच आठवेना. मी गळ्यातलं भिंग लावून बघितलं. दाण्यांभोवती निळसर राखी झालर होती. पण एक बारीक तडा दगडाच्या आरपार गेला होता, आणि तो कितपत खोल आहे ते भिंगातून कळत नव्हतं.

मामा विचारत होते, हाच ना? मी मान डोलावली.  मी तिथंच जोत्यावर बसले. मिक्सर पुन्हा सुरू झाला.

दुपारी मामी माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. हातांची बोटं लाल होऊन सालं निघायला लागली होती. त्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या, माझा हात ओढून घेतला आणि जरा जोरातच तेल चोळलं. मग म्हणाल्या, तुझ्या आईला सांगू नको, ती मला बोलेल. मी निघताना मामांनी तो दगड बाजरीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून दिला आणि केडगावपर्यंत मोटारसायकलवर सोडायला आले. वाटेत एकदाच त्यांनी विचारलं, ह्याच्यात काय हाय ते तुला आधीच ठाव हाय, मग आणिक बघायचं काय? मी म्हणाले, मला ठाऊक आहे, पण परीक्षकाला पटलेलं नाही. ते म्हणाले, मग बराबर.

स्लाइड करायचं काम मी कुणाला देत नसे. दगडाची पातळ चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि घासत जायचं, कागदापेक्षाही कितीतरी पातळ होईपर्यंत, म्हणजे त्यातून उजेड आरपार जायला लागतो. थोडं जास्त घासलं की काचेवर काहीच उरत नाही. पहिली चकती तड्यावरच निघाली आणि घासताना दोन भाग होऊन सुटून गेली. दगड किती उरलाय ते मी मोजून बघितलं. आणखी चार निघतील, पाचवी नाही. पुढचे तीन दिवस मी प्रयोगशाळेत कुणाशी बोलले नाही. दर थोड्या वेळानं स्लाइड धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, जाडी कळावी म्हणून क्वार्ट्झचा रंग करडा झाला का ते तपासायचं, पुन्हा घासायचं. हातांची सालं अजून भरली नव्हती, त्यामुळे घासायची पावडर झोंबायची.

चार स्लाइड झाल्या. पहिल्या तिन्हींत तो पदर होता. गार्नेट, मग बारीक पदर, मग झालर. जसा जुन्या स्लाइडमध्ये होता तसाच. परीक्षकानं तीनच मागितल्या होत्या.

चौथी मी बघितलीच नसती तरी चाललं असतं. पण ती केलेली होती. त्या चकतीत गार्नेटचा एक मोठा दाणा बरोबर मधोमध कापला गेला होता. झालर होती, पदरही होता. आणि गार्नेटच्या अगदी आत, गाभ्यात, बारीक गोल ठिपक्यांचं एक कडं होतं. मला आधी वाटलं पावडर अडकलीय. मी भिंग बदललं. ठिपका एका खनिजाचा नव्हता. प्रत्येक ठिपक्यात दोन-तीन खनिजं एकमेकांत गुंतलेली होती. असं कशानं होतं ते मला ठाऊक होतं. गार्नेट वाढत असताना आजूबाजूला वितळलेला रस असेल, तर त्याचे थेंब आत कोंडले जातात आणि पुढे तिथंच थिजतात. गार्नेट वाढलं ते खोल असताना, वर यायच्या कितीतरी आधी. म्हणजे रस तेव्हाच होता. खडक आधीच वितळलेला होता.

म्हणजे आधीच्या लोकांचं बरोबर होतं आणि माझं चूक.

मी दिवा बंद केला, उठून हात धुतले, परत आले, दिवा लावला. ठिपके तिथंच होते. संध्याकाळपर्यंत मी ते सात-आठ वेळा बघितले असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सर दोन दिवस परीक्षेच्या कामावर बाहेरगावी होते आणि ते नाहीत याचं मला बरं वाटत होतं.

ते आले तेव्हा मी त्यांना चारही स्लाइड दाखवल्या. पहिल्या तीन बघताना ते खूश होते. चौथीवर ते बराच वेळ वाकून राहिले. मग मान वर केली, चष्मा लावला.

"हे आणखी कुणाला दाखवलंस?"

मी म्हणाले, नाही.

"त्या तीन पाठव," सर म्हणाले. "चौथीबद्दल त्यांनी विचारलेलं नाही."

ते पुढेही बोलत राहिले. ठिपके म्हणजे रसच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही, लेसरची तपासणी लागेल, ती इथं होत नाही, त्याला सहा महिने जातील, तुझी मुदत संपेल, आधी पदवी घे, मग त्यावर वेगळा लेख लिही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते. गावाकडून आलेल्या मुलीला खडकातलं काही येत नसताना त्यांनी सगळं शिकवलं होतं. दोन वर्षांत ते निवृत्त होणार होते आणि त्या लेखावर त्यांचं नाव आधी होतं. मी विचार करते म्हणाले आणि निघाले.

मी दौंडला गेले. वडील आणि आई जेवायला बसले होते. मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच मला कळलं की वडिलांना फक्त एकच गोष्ट समजतेय, की अजून झालेलं नाही. ते म्हणाले, म्हंजी आणखी किती दिवस? मी म्हणाले, माहीत नाही, वर्षही लागेल. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, येत्या जयंतीला पोरगी डॉक्टर होऊन येणार म्हणून. तसं फलकावर नावही घालायचं ठरलं होतं. आई म्हणाली, सर म्हणतात तसं का करत नाहीस? त्यांना जास्त कळतं. मी म्हणाले, कळतं, म्हणून तर त्यांनी विचारलं की आणखी कुणाला दाखवलंस.

आईला ते कळलं नसावं. वडील थोड्या वेळानं म्हणाले, "जयंतीचं सोड. त्येचं मी बघतो." एवढंच. पुन्हा जेवायला लागले. मला त्यांच्यापुढे बसवेना, मी उठून मोरीत भांडी घासायला गेले.

सोमवारी मी सरांना सांगितलं की चारही पाठवणार आहे आणि निष्कर्षाचं प्रकरण बदलणार आहे. बोलताना काही सुटू नये म्हणून मी ते कागदावर लिहूनही नेलं होतं. त्यांनी कागद घेतला, वाचला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यांच्या सहीशिवाय परीक्षकाला काहीच जाणार नव्हतं. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. ते व्हरांड्यात समोरून यायचे आणि फोन कानाला लावायचे. बाकीच्या मुलांना कळलं होतं की काहीतरी झालंय. माझ्या टेबलापाशी येऊन कुणी चहाला चल म्हणेना. मी रोज सकाळी ऑफिसात जाऊन विचारायचे, माझं पत्र गेलं का? क्लार्क नकाराची मान हलवायचा.

मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सूक्ष्मदर्शक टेबलावर होता आणि त्याखाली चौथी नव्हे, जुनी स्लाइड होती, जिच्यावर आमचा लेख उभा होता. ते उठले आणि मला त्यांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"काठावरचा दाणा बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. काठावरच्या एका अर्धवट कापलेल्या गार्नेटमध्ये तसेच तीन ठिपके होते. ती स्लाइड मी पाच वर्षं बघत होते. त्यांनीही शंभरदा बघितली असेल.

"आपण घाण समजलो," सर म्हणाले.

त्यांनी पत्रावर सही आधीच केलेली होती. मुदतवाढीचा अर्जही त्यांनीच टाइप केला होता आणि त्यात झालेल्या चुकीला मार्गदर्शक जबाबदार आहे असं एक वाक्य घातलं होतं. मी म्हणाले, हे नको. ते म्हणाले, ते माझं आहे, तू तुझं बघ. त्यानंतर आम्ही पहिल्यासारखे कधीच बोललो नाही, पण कामाचं सगळं बोललो.

पुढे अकरा महिने लागले. लेसरची तपासणी दुसऱ्या शहरात झाली आणि ठिपके म्हणजे थिजलेला रसच निघाला. मी प्रकरण नव्यानं लिहिलं. खडक खोल असताना वितळला होता. वर येताना दाब उतरला, गार्नेटच्या कडा मोडल्या, झालर आली, आणि थिजणाऱ्या रसानं आपल्यातलं पाणी परत दिलं तेव्हा कुठं कुठं अभ्रकही पुन्हा उगवलं. तो पदर मात्र वर येताना नव्यानं सुटलेल्या रसाचा आहे की जुनाच उरलेला, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. प्रबंधात मी तसंच लिहिलं. लेखाची दुरुस्ती सरांनी पाठवली. ती चार ओळींची छापून आली.

तोंडी परीक्षेला आई-वडील आणि मामा आले. मामा इस्त्रीचे पांढरे कपडे घालून शेवटच्या बाकावर बसले होते. परीक्षकानं मला शेवटी तोच प्रश्न विचारला, त्या पदराचा. मी म्हणाले, माहीत नाही.  परीक्षकानं काहीतरी लिहून घेतलं, ते काय होतं ते मला कळलं नाही. मग बाहेर थांबायला सांगितलं. वीस मिनिटं आम्ही चौघं जिन्यात उभे होतो.  सर बाहेर आले आणि मला नावापुढे डॉक्टर लावून हाक मारली, तेव्हा आई मामांकडे वळून म्हणाली, काय झालं? मामा म्हणाले, झालं.

परतताना आम्ही शटलमध्ये बसलो. माझं डोकं खिडकीला टेकलेलं होतं आणि डोळे मिटलेले होते. समोरच्या माणसानं वडिलांना विचारलं, कशाला गेला होता पुण्याला? वडील म्हणाले, पोरीची परीक्षा होती, दगड कसा वितळतो ते शिकलीय ती. तो म्हणाला, त्याचा उपयोग काय? वडिलांनी माझ्याकडे बघितलं असावं. मग ते हळू आवाजात म्हणाले, झोपलीय, उठली की विचारू.

मी डोळे उघडले नाहीत.